वाचक विचारतात : मानशीचं दार कुणाच्या हाती?

गावच्या सेवा एका माणसाच्या हाती असाव्यात की समितीच्या, यावर वाचकांनी प्रश्न पाठवले. पाणी, पंचायत आणि खाजन शेती यांवरची पत्रं सर्वांत जास्त होती. खाजन म्हणजे खाडी-नदीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली शेतं, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. एकसारखे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक विहिरीत पावसाळ्यात औषध टाकण्याचं काम पाणी समितीकडे आहे. गेल्या वर्षी ज्याला त्याला वाटलं की दुसऱ्यानं टाकलं असेल, आणि शेवटी कुणीच टाकलं नाही. आता ग्रामसभेत सूचना आली आहे की समिती बंद करा, एकच माणूस नेमा. काय करावं?
— वाचक, फोंडा तालुका

उत्तर : समिती मोडू नका, पण काम एकाच्या नावावर लावा. विहिरीत औषध टाकणं हे दोन हातांचं काम आहे, ते दहा जणांवर सोपवलं की कुणाचंच राहत नाही. औषध कुठून आणायचं, कुणाला किती मानधन द्यायचं, कोणत्या विहिरी घ्यायच्या, काम झालं की नाही हे कुणी पाहायचं, हे सगळं मात्र एकट्यावर सोडू नये.

कामाचं स्वरूप पाहिलं की हे लगेच लक्षात येतं. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर धरा. व्यासाचा वर्ग ९, त्याला ०.७८५ नं गुणा, मग खोलीनं गुणा. उत्तर येतं सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर पाणी. चांगली ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, मग बादली पाऊण भरायची, ढवळायची आणि ५ ते १० मिनिटं निवळू द्यायची. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घालू नये. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरीनं पाण्याखाली सोडायची आणि वरखाली हलवायची. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्यानं पाणी जड होतं. तासभर कुणी पाणी काढायचं नाही. तासानंतर पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असं भारतीय मानक सांगतं.

आता चुका कुठं होतात ते पाहा. पावडरीचं पोतं तोंड उघडं ठेवून पंचायतीच्या पडवीत पडून राहतं. गोव्याच्या पावसाळी हवेत पावडरीतला क्लोरीन उडून जातो, वास येतो पण जोर राहत नाही. मग माणूस ७० ग्रॅम इमानानं टाकतो आणि पाणी तसंच राहतं. दोष त्याचा नसतो, तपासणी कुणी केलेली नसते. म्हणून टाकणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गावात किमान पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. तुमच्या गावच्या या महिलांना तपासणीचं काम द्या. विहिरीजवळ एक वही ठेवा. तारीख, पाण्याची खोली, किती ग्रॅम, किती वाजता, तासानंतर रंगपट्टीवर काय दिसलं आणि दोन सह्या, एवढं त्यात पुरे.

त्याच सूचनांनुसार पाणी समितीत १० ते १५ सदस्य असतात. निम्म्या महिला, जास्तीत जास्त चौथा हिस्सा निवडून आलेले पंच, बाकीचे दुर्बल घटकांतले. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. विहिरीवर रोज जाणारी बाई जर बैठकीत नसेल, तर कागदावर औषध पडलेलं असतं आणि घागरीत गाळ येतो.

प्रश्न : आमच्या पंचायतीत अडीच वर्षांत तिसरा सरपंच बसला. प्रत्येक वेळी कचऱ्याची गाडी अडते, कामगारांचे पैसे थांबतात. सरपंच थेट लोकांनी निवडला तर हे थांबेल काय?
— वाचक, पेडणे

उत्तर : गोव्यात पंच लोक निवडतात आणि पंच आपल्यातून सरपंच निवडतात. त्यामुळे सात जणांच्या पंचायतीत चार जण एका बाजूला गेले की अविश्वास ठराव मंजूर होतो. म्हणजे एकानं बाजू बदलली तरी सत्ता बदलते. शेजारच्या महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट सरपंच निवड आली, २०२० मध्ये ती काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. पाच वर्षांत दोनदा उलटसुलट! थेट निवडून आलेला सरपंच टिकतो खरा, पण पंचांचं बहुमत त्याच्या विरोधात असलं की ठराव अडतात. दुखणं हलतं, जात नाही.

तुमच्या गाडीचं कारण जास्त साधं आहे. वित्त आयोगाच्या निधीतली रक्कम ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जाते. सचिव बिल तयार करतात, सरपंच मंजूर करतात, दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. सरपंच बदलला की नव्या सरपंचाची सही नोंदवून होईपर्यंत ते खातं हलत नाही. म्हणून नवा सरपंच निवडला त्याच दिवशी डिजिटल सहीचा अर्ज करून घ्या. आणि जुन्या सरपंचाकडून एका पानाची यादी सहीनिशी घ्या. त्यात चालू कामं, कुणाचं किती देणं, कोणता करार कधी संपतो, कचऱ्याच्या शेडमध्ये किती माल पडून आहे आणि उचलणाऱ्या गाडीसाठी फोन कुणाला करायचा, हे सगळं असावं. शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल. पण गाडीला फोन करायचं काम नव्या पंचांतल्या कुणाच्याही नावावर नसतं म्हणूनच शेड तुडुंब भरते.

प्रश्न : काहीही विचारलं की ‘समितीचा निर्णय आहे’ असं उत्तर मिळतं. समितीला जबाबदार कसं धरायचं?
— वाचक, डिचोली

उत्तर : समितीला दंड होत नाही, माणसाला होतो. माहिती अधिकार कायदा, २००५ यात हेच ओळखून जबाबदारी एका व्यक्तीवर ठेवली आहे. जनमाहिती अधिकाऱ्यानं ३० दिवसांत माहिती द्यायची. कारण नसताना दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड, तोही त्या अधिकाऱ्यावर. पंचायतीत हा अधिकारी म्हणजे सचिव, आणि पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे. अर्जात ‘निर्णय का घेतला’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत, हजेरीपटाची प्रत आणि कुणी विरोध नोंदवला असेल तर त्याची प्रत मागा. कोण हजर होता आणि कोण गप्प बसला ते कागदच सांगतो. मग जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याच प्रतीवर बोट ठेवून उभे राहा.

आणि हे समितीतल्या सभासदांना सांगणं आहे. निर्णय पटत नसेल तर ‘माझा विरोध इतिवृत्तात लिहा’ असं तोंडानं म्हणा आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा. नंतर तिठ्यावर सांगितलेल्या विरोधाला काही किंमत नाही.

प्रश्न : आमच्या खाजनाची मानस दरवर्षी पावणीला (लिलावाला) जाते. ज्याला मिळते तो मासळीसाठी भरतीला दार उघडं धरतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. टेनंट असोसिएशनची, म्हणजे कुळांच्या संघटनेची, समिती म्हणते, ‘पावणी झाली, आता आमच्या हातात काही नाही.’ मानस एका विश्वासू माणसाकडे कायमची सोपवावी काय?
— वाचक, तिसवाडी

उत्तर : नाही. तुमची अडचण ही आहे की एकाच माणसाकडे दोन गोष्टी गेल्या आहेत. मासळी पकडायचा हक्क आणि दार हलवायचा अधिकार. कायमचा एकच माणूस नेमला तरी हे दोन्ही त्याच्याकडे राहिले, तर उद्या तोही तेच करील.

मानस कशी चालते ते ज्यांना नवं असेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी दारं अशी बसवलेली असतात की नदीकडून भरतीचा दाब आला की ती आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी वर राहिलं की आपोआप उघडतात. माणसाचा हात लागतो तो अपवादाला. दिवसाला साधारण दोन भरत्या येतात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत वर चढतं. भरतीबरोबर कोळंबी आणि मासळी आत येते, ओहोटीला ती बाहेर पडताना मानशीच्या तोंडाला लावलेल्या जाळ्यात सापडते. म्हणजे जितकं पाणी आत तितकी मासळी जास्त. मानस घेणाऱ्याचा फायदा आणि भात पिकवणाऱ्याचं नुकसान एकाच दारातून आत येतं. स्वभाव कितीही चांगला असो, ओढ तिकडेच राहणार.

भातशेतीला याचा फटका नेमका कधी बसतो? जूनच्या पहिल्या पावसात जमिनीतलं मीठ धुऊन मानशीतून बाहेर जातं, मग पेरणी. कोरगूट हा खाजनातला जुना भात खारटपणा बऱ्यापैकी सोसतो, पण रोप कोवळं असताना आणि लोंबी येताना खारं पाणी उभं राहिलं तर तोही टिकत नाही. पेरणीपासून कापणीपर्यंत दार उघडं धरून ठेवायचंच नाही. कापणीनंतर पाणी घ्यायचं की नाही, घेतलं तर किती दिवस, हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. कुणाला मिरची-भाजी लावायची असते, कुणाचं शेत सखल असतं. इथं एकाचा शब्द चालवला तर सखल शेतवाला बुडतो. हा निर्णय समितीचाच.

कुळांवर बांधांची सामाईक जबाबदारी टाकणारे नियम १९७५ चे आहेत, १९६४ च्या कूळ कायद्याखालचे. त्यानुसार असोसिएशनची व्यवस्थापन समिती असते आणि वर मामलेदारांची देखरेख. समितीच्या हातात काही नाही हे म्हणणं बरोबर नाही. पावणीच्या अटी समितीच लिहिते, आणि पुढच्या पावणीआधी त्या बदलायचा ठराव ती करू शकते.

अटींत आमच्या मते हे हवंच. पावणी फक्त मासळीची आहे, दाराची नाही, हे पहिल्या ओळीत लिहा. दार हलवायला असोसिएशननं आपला माणूस नेमावा, त्याला पावणीच्या पैशांतून पगार द्यावा, आणि तो मानस घेणाऱ्याचा नातेवाईक किंवा भागीदार नसावा. पावणीच्या रकमेच्या निम्मी तरी अनामत ठेवून घ्यावी. पेरणी ते कापणी या काळात दाराला टेकू लावलेला किंवा दोर बांधलेला आढळला तर अनामत जप्त होईल, असं स्पष्ट लिहावं. कुणाला आढळला तर? या प्रश्नावरच बहुतेक अटी ढासळतात. म्हणून लिहा की समितीच्या कोणत्याही दोन सभासदांनी एकत्र पाहून तारीख-वेळेसह फोटो काढला तर तो पुरावा धरला जाईल.

पावणीला लोक कमी येतील, रक्कम घसरेल, अशी भीती दाखवली जाईल. थोडी घसरेल. पण ती रक्कम बांधासाठीच असते. आत शिरलेलं मीठ बाहेर पडायला पुढचा पावसाळा यावा लागतो, तेव्हा त्या वर्षीचं भात पावणीच्या हिशेबात धरा आणि मग सांगा कोणतं नुकसान मोठं.

आणखी एक. दाराच्या फळ्या खालच्या बाजूनं कुजतात, जिथं पाणी सतत लागतं. वरून दार ठणठणीत दिसतं आणि खालून रात्रंदिवस खारं पाणी झिरपत असतं. मग मानस घेणाऱ्यावर संशय घेतला जातो आणि वाद पेटतो. आरोप करण्याआधी पूर्ण भरतीच्या वेळी शेताच्या बाजूला उभं राहून दाराच्या तळाशी पाणी येतं का ते पाहा.

प्रश्न : शाळेच्या व्यवस्थापन समितीत आम्ही पालक नुसते सही करायला जातो. मुख्याध्यापकच सगळं चालवतात. मग समिती कशाला?
— वाचक, काणकोण

उत्तर : रोजची शाळा मुख्याध्यापकांनीच चालवायची, ते बरोबर आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि तिची मुख्य कामं तीन : शाळेच्या कामावर लक्ष, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर देखरेख. अनुदानित खासगी शाळेत मात्र ही समिती फक्त सल्ला देते. पुढच्या बैठकीला जाताना खर्चाच्या पावत्यांची फाइल टेबलावर मागा आणि एक पावती निवडून ती वस्तू वर्गात कुठं आहे ते जाऊन पाहा. एका वेळी एकच, पण दर बैठकीला.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो. तो सांगतो की तिकडे पोलिसांवर लोकांनी निवडलेला एकच माणूस असतो. आपल्याकडेही कमिट्यांपेक्षा असा एकजण बरा नाही का?
— वाचक, मडगाव

उत्तर : इंग्लंडचा अनुभव वाचण्यासारखा आहे, कारण त्यांनी दोन्ही करून पाहिलं. २०१२ पूर्वी लंडनबाहेरच्या प्रत्येक पोलीस दलावर साधारण १७ सदस्यांचं मंडळ असे, त्यात नगरसेवक आणि स्वतंत्र सदस्य. तक्रार अशी होती की या मंडळात कोण बसतं हे लोकांना ठाऊकच नसतं. म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये एकेक आयुक्त थेट लोकांकडून निवडायला सुरुवात झाली. पोलीस प्रमुख नेमणं, काढणं, अंदाजपत्रक ठरवणं हे सगळं त्या एका व्यक्तीकडे. पहिल्या निवडणुकीत मतदान झालं सुमारे १५ टक्के. म्हणजे चेहरा दिला, तरी लोक मतदानाला आले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं हे पद २०२८ मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं. नगर कारभारातही तसंच. २००० च्या कायद्यानं समित्यांची जुनी पद्धत बाजूला सारून नेता किंवा महापौर यांच्याकडे सत्ता दिली, २०११ च्या कायद्यानं परत जायची वाट खुली केली. शेफिल्डच्या मतदारांनी २०२१ मध्ये आणि ब्रिस्टलच्या मतदारांनी २०२२ मध्ये सार्वमत घेऊन समित्या परत आणल्या.

यातून समिती चांगली आणि माणूस वाईट असं काढू नका. एका माणसाला सत्ता दिली तेव्हा त्याच्यावर नजर ठेवणारी मंडळं तिथं दुबळी होती, हा मुद्दा जास्त कामाचा आहे. आपल्याकडे नगरपालिकेत नगरसेवक ठरवतात आणि मुख्याधिकारी अंमल करतात, ही विभागणी मुळात ठीक आहे. वॉर्ड समित्या घटनेनं सक्तीच्या केल्या आहेत त्या ३ लाखांवरच्या शहरांना, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं एकही शहर त्याच्या जवळपास नव्हतं. मडगावात वॉर्ड समिती नाही म्हणून कायदा मोडला असं होत नाही. पण नगरसेवकानं दर महिन्याला एक ठरलेला दिवस आणि जागा जाहीर करून लोकांना भेटावं, ही मागणी तुम्ही करू शकता.

प्रश्न : उधाणात मध्यरात्री बांध फुटला तर समितीची बैठक घ्यायला वेळ कुठं असतो?
— वाचक, सासष्टी

उत्तर : नसतोच. तिथं एकच माणूस हवा, आणि त्याचा अधिकार आधी लिहून ठेवलेला हवा. लहान भोकाचं खिंडार व्हायला एक-दोन भरत्या पुरतात. समितीनं मे महिन्यात ठराव करावा : बांध फुटल्यास अमुक बांधराखण्या, तो नसल्यास तमुक, अमुक रुपयांपर्यंत मजूर आणि जेसीबी कुणाला न विचारता बोलावील. दोन नावं लिहा, कारण पहिला नेमका त्याच दिवशी गावाबाहेर असतो.

त्याच महिन्यात सामान जागेवर ठेवा. रिकामी पोती, बांबूचे आणि लाकडाचे खुंट, दोर, कोयते, टॉर्च. पोत्यांत चिकट चिखल भरायचा. रेती किंवा मुरूम भरला तर पाणी झिरपत राहतं आणि बांध आतून पोकळ होतो. चिखल बांधाच्या पायथ्याशी खणू नका, तिथं खड्डा पडला की पुढच्या भरतीला तोच भाग खचतो. खिंडाराच्या दोन्ही टोकांना आधी खुंट ठोकून कडा धराव्या, म्हणजे रुंदी वाढत नाही, मग पोत्यांचे थर आडवे रचत मधे यावं. शेवटची फट ओहोटी संपून पाणी थांबलेलं असतं तेव्हाच बुजवायची. वाहत्या पाण्यात टाकलेली पोती निघून जातात आणि मेहनत फुकट जाते. एका ओहोटीत हाताशी तीन-चार तासच असतात, म्हणून सामान आणायला तालुक्याला जायची पाळी येऊ देऊ नये.

फुटायच्या आधीची चिन्हंही पाहता येतात. भरती पूर्ण असताना शेताच्या बाजूनं बांधावरून चाला. कुर्ल्यांच्या बिळांतून पाणी पाझरत असेल तर ती जागा ओली आणि मऊ लागते. ओहोटीला नदीच्या बाजूनं चाला, तिथं तळ खरवडलेला दिसतो. दगडी बांधात रुजलेलं तिवराचं रोप लहान असतानाच समितीच्या नजरेस आणावं. मुळं जाड झाली की दगड सरकतात, आणि मोठं तिवर तोडायला वन खात्याची परवानगी लागते. मोठ्या दुरुस्तीसाठी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी ठराव, बांधाचा नकाशा आणि फोटो लागतात. तो अर्ज समितीनं दिवसाउजेडी, घाई न करता तयार करावा.

बांध धरला की बांधराखण्यानं मजुरांची नावं, तास, जेसीबीचं बिल आणि ओहोटीच्या वेळा त्याच आठवड्यात वहीत लिहून समितीपुढं ठेवाव्यात. समितीनं तो खर्च सात दिवसांत मंजूर करून त्याचे पैसे त्याला परत द्यावेत. हे पैसे तीन-तीन महिने अडकवले, तर पुढच्या वर्षी मध्यरात्री फोन उचलायला कुणी मिळणार नाही.